धसका

दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपल्या कानांवर इतक्या लहानपणापासून पडलेली असते की तिच्यात काही शोध आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः मानसशास्त्राने ज्याला भयाचे सामान्यीकरण असे जड नाव दिले, तो सारा व्यापार या एका ओळीत सामावलेला आहे. दूध पांढरे, ताकही पांढरे. भांडे तेच, ओठ तेच. एकदा पोळलेल्या जिभेला ऊन काय नि थंड काय हे कळेनासे होते, तिला फक्त रंग कळतो. मात्र म्हण इथेच थांबते. किती पेले थंड ताक प्याल्यावर हा माणूस फुंकणे सोडील, हे ती सांगत नाही; आणि त्याने फुंकणे सोडलेच तर पोळल्याची आठवण पुसली गेली असे समजायचे, की तिच्यावर दुसरी एखादी आठवण येऊन बसली असे, याविषयीही ती मौन पाळते. आयुष्याची तीसएक वर्षे मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवले. पण या दोन प्रश्नांशी माझी गाठ घालून दिली ती माझ्या आईने.

आपल्या भाषेत भयाचे शब्द पुष्कळ आहेत. भीती वाटते, धडकी भरते, धास्ती लागते, अंगाला कापरे सुटते. धसका मात्र ‘घेतला’ जातो. जणू कोणी हातात ठेवलेली वस्तू घेऊन माणूस घरी येतो आणि ती कुठे ठेवावी हे पुढे त्याला उमगत नाही. भीती मोडते, भीड चेपते. धसक्याच्या वाट्याला असे सोयीचे क्रियापद आलेले नाही. अमका धसक्याने खंगला, तमका धसक्याने गेला, असेच आमच्या गावाकडे ऐकू येई. धसकाच गेला आणि माणूस राहिला, असे म्हणताना मी फारसे कोणाला ऐकलेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून गावे उशिरा निजली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. त्यांना त्यांच्या घरांनी मारले. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडाचा आधार आणि त्यावर उन्हाळ्यात गारवा देणारा मातीचा थर, अशी ती माळवदाची घरे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ऊन-पाऊस अंगावर घेतला तीच अंगावर आली. औसा तालुक्यातील आमच्या घरी माझा धाकटा भाऊ आतल्या खणात झोपला होता. आई गोठ्यात होती, नुकत्याच व्यालेल्या म्हशीपाशी. गोठ्यावर पत्रा होता.

या घटनेची एक पूर्वपीठिका आहे. ती सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. १९९२ सालीही त्या भागात लहान लहान धक्के जाणवले होते, आणि ऑक्टोबरातला एक त्यांतल्या त्यात मोठा होता. लोकांनी अंथरुणे अंगणात आणली; आमच्याही घरी आणली. मग थंडी पडू लागली, धक्के विरळ झाले, एकामागून एक रात्री काही न घडता गेल्या आणि एकेक अंथरूण आत गेले. सर्वांच्या शेवटी आई आत गेली. तिला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, चार शहाण्यासुरत्यांनी समजावले होते, “आता काही होत नसतं.” प्रयोगशाळेच्या भाषेत याला विलोपन म्हणतात. संकेत येतो, आघात येत नाही. पुन्हा संकेत येतो, पुन्हा काही घडत नाही. आणि हळूहळू प्राणी निर्धास्त व्हायला शिकतो. आमच्या गावाच्या भीतीचे विलोपन असे यथासांग पार पडले होते. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत ती पहाट आली.

१९९४ च्या आरंभी मी आईला माझ्याकडे बंगलोरला घेऊन आले. त्या शहराचे नाव तेव्हा बंगलोरच होते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच रात्री तिने खोलीत पाऊल टाकून वर पाहिले आणि अंथरूण उचलून ती गॅलरीत गेली.

“वर स्लॅप हाय, बाई. माळवदाहून जड असतोय त्यो.”

“माय, हे सिमेंटचं बांधकाम आहे. लोखंड घातलंय त्यात.”

“असू दे. मी हितंच बरी.”

रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की मांडणीवरचे पेले किणकिणत. त्या आवाजासरशी ती उठून जिन्याशी जाऊन उभी राही; पाय कधी उचलले हे तिचे तिला कळत नसे. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला, बदामाच्या आकाराचा एक पेशीपुंज असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. भयाचा संकेत तिथे पोचतो तो विचाराच्या आधी. १९११ साली जिनिव्हाच्या क्लापारेद या डॉक्टरांनी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्यांच्या एका स्त्री-रुग्णाला नवे काहीच आठवत नसे. डॉक्टरांना ती रोज नव्याने भेटे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढे डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला मागे घेतला. का, हे तिला सांगता येईना. आठवण नसलेल्या ठिकाणीही धसका असू शकतो, असा याचा अर्थ. माझ्या आईला तर सगळे आठवत होते.

एका डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी लिहून दिली. बेंझोडायझेपीन या वर्गातली. गोळी घेतली की ती खोलीत झोपे, पेले किणकिणले तरी हलत नसे. तीन महिने असे गेल्यावर घरात सर्वांना वाटले की सुटलो. मग गोळी कमी करत करत थांबवली, आणि थांबवली त्याच आठवड्यात अंथरूण पुन्हा गॅलरीत गेले. आईने त्याचा उलगडा एका वाक्यात केला: “गोळी झोपत व्हती गं, मी न्हाई.” पुढे ग्रंथालयात मला १९९० सालचा एक शोधनिबंध सापडला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना याच वर्गातली औषधे देऊन त्यांची भीती घालवली होती. आणि औषध उतरलेल्या अवस्थेत उंदरांना पुन्हा त्याच संकेतापुढे आणले तेव्हा भीती परत आली होती. निर्धास्तपणाचा धडा उंदीर औषधाच्या अंमलाखाली शिकले होते आणि तो त्या अंमलातच राहून गेला होता. जे आईने एका वाक्यात सांगितले ते सिद्ध करायला त्यांना बरेच पिंजरे लागले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. ते हसत. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे.

विलोपन म्हणजे पुसणे नव्हे, ही गोष्ट पाव्हलोव्हलाही दिसली होती. त्याच्या कुत्र्याला घंटेनंतर अन्न मिळेनासे झाले की लाळ आटे. पण काही काळ मध्ये जाऊ दिला की त्याच घंटेने ती पुन्हा सुटे. जुना संस्कार जागच्या जागी असतो. त्याच्या शेजारी ‘आता तसे होत नाही’ असा दुसरा संस्कार येऊन बसतो, आणि दोघांत ज्याची सरशी होईल तसे शरीर वागते. २००२ साली मिलाद आणि क्वर्क या संशोधकांनी दाखवले की या दुसऱ्या संस्काराची खूण मेंदूच्या पुढच्या भागातील एका लहानशा पट्ट्यात उमटते. तो पट्टा जणू अमिग्डलेला हात धरून थांबवतो. जुना संस्कार मात्र चिवट असतो. तो कोणत्याही जागी, कोणत्याही वेळी आपले काम करतो. नवा तसा नाही. तो जिथे शिकला गेला ती जागा, ती वेळ, तो वास यांच्याशी बांधलेला राहतो. भीती देशभर हिंडते आणि निर्धास्तपणाला मात्र गाव सोडवत नाही, असे हे विषम वाटप आहे.

त्यातच सततचा ताण पडला की हे वाटप अधिक विषम होते. हे ज्यांनी प्रथम स्पष्ट करून दाखवले त्यांतले एक, शोना चटर्जी, बंगलोरच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करीत होते, हे मला फार उशिरा कळले. २००२ साली त्यांच्या गटाने नोंदवले की उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले तर जागा-वेळ यांची नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या शाखा आखडतात आणि अमिग्डलेतल्या पेशींच्या शाखा मात्र वाढतात. दोन वर्षांनी त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. ताण थांबवून एकवीस दिवस विश्रांती दिली, तर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो. अमिग्डलेची वाढ तशीच राहते. २००६ साली आणखी एका गटाला उंदरांत असे आढळले की अगदी थोड्या, पण आवरता न येणाऱ्या ताणानेही मेंदूच्या पुढच्या भागातील त्या हात धरणाऱ्या पट्ट्याच्या शाखा खुरटतात, आणि मग भीतीचे विलोपन रेंगाळते. म्हणजे ताणाने भीती वाढते एवढेच नव्हे. भीती ओसरण्याची जी वाट, तीच खचते.

हे वाचताना मला भूकंपानंतरचे ते महिने आठवत. पत्र्याच्या शेडमध्ये दाटीने राहणे, मधूनच हलणारी जमीन, पंचनामे, याद्या, नुकसानभरपाईच्या रांगा, कोणाचे प्रेत सापडले नि कोणाचे नाही याची चर्चा. तिथे येणारे भले लोक सांगत, मन मोकळे करा, बोला, म्हणजे बरे वाटेल. आघातानंतर लगेच केलेले विलोपन टिकत नाही, असे २००६ साली मॅरेन आणि चँग यांच्या प्रयोगांत दिसले. उंदरांना पंधरा मिनिटांनी दिलेला निर्धास्तपणाचा धडा दुसऱ्या दिवशी राहिला नव्हता, एका दिवसानंतर दिलेला राहिला होता. शरीर पेटलेले असताना त्याला काही शिकवता येत नाही. तरीही ताणाला एकाच रंगात रंगवणे अन्यायाचे होईल. ताणात स्रवणारे कॉर्टिसॉल नव्या शिकण्याला हातभारही लावते. २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये उंचीची भीती असलेल्या लोकांना सरावापूर्वी ते दिले असता सरावाचा गुण अधिक आला. मात्रा आणि वेळ यांवर सारे अवलंबून. वैद्यकात हे वाक्य बहुतेक ठिकाणी खरे ठरते, म्हणूनच ते बोलायला सोपे आणि पाळायला कठीण आहे.

आईच्या बाबतीत जे झाले ते गोळीविना, आणि फार सावकाश झाले. अंथरूण गॅलरीतून उंबऱ्याशी आले ते १९९५ च्या पावसाळ्यात, झड आत येऊ लागली म्हणून. उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत यायला एक हिवाळा लागला. मी शेजारी झोपत असे. ट्रक गेला की ती उठून बसे, मीही उठून बसे. पळायचे नाही, पेले थांबेपर्यंत बसून ऐकायचे, एवढाच आमचा करार होता. मी तिला ‘काही होणार नाही’ असे कधीच म्हणाले नाही. ते वाक्य १९९२ साली तिला एकदा सांगून झालेले होते, आणि ते सांगणाऱ्यांपैकी एक जण माझा भाऊ होता. सकाळी चहा देताना मी एवढेच म्हणे, “काल रात्री काही झालं नाही.” ती मान हलवी. हे वाक्य भूतकाळातले असल्यामुळे तिला चालत असे. पुढे मला वाटू लागले की विलोपनाचा प्रामाणिक उच्चार एवढाच होऊ शकतो. भविष्याची हमी त्यात नाही. काल रात्रीची साक्ष तेवढी आहे, आणि अशा कित्येकशे साक्षी जमल्यावर शरीर आपण होऊन निकाल देते. १९९६ च्या उन्हाळ्यात ती पंख्याखाली, स्लॅपखाली, रात्रभर झोपली.

पुढच्या वर्षी ती गावी परतली. नवे गाव, सरळ रस्ते, सिमेंटची भूकंपरोधक घरे. तिथे गेल्यावर पहिल्या रात्रीच तिची बाज अंगणात आली. बंगलोरला शिकलेले बंगलोरला राहिले होते. नव्या वसाहतीत अशा बाजा पुष्कळ होत्या. पक्क्या घराशेजारी पत्र्याचा आडोसा घालून त्यातच निजणारी कुटुंबे होती, आणि घरात धान्य ठेवत, माणसे बाहेर. बाहेरून येणाऱ्यांना हा अडाणीपणा वाटे. वास्तविक ती माणसे आपल्या शरीराला कळलेली एकच गोष्ट पाळत होती.

आईने तिथेही अंगणापासून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी ती काही महिन्यांतच आत आली. मग २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले. आमच्या गावात भिंतीवरचे कॅलेंडरही हलले नाही. पण दूरदर्शनवर ढिगारे दिसले आणि बाज पुन्हा बाहेर गेली. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला तेव्हा पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले होते. त्यांतल्या काहींची शिकवण त्या रात्रीनंतर विस्कटून गेली. पुष्कळ दिवसांनी एक कुत्रा ताळ्यावर आला असता, त्याच्या खोलीत दाराच्या फटीतून पाण्याची बारीक धार सोडण्यात आली. तेवढ्याने तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. आमच्या घरी ती धार दूरदर्शनच्या पडद्यातून आली. मात्र तिसऱ्या खेपेला आई तीन आठवड्यांत आत आली. धसका जात नसेल; परतीची वाट मात्र पायाखालची होते.

या काळात औषधांच्या जगात नवल वाटावे अशा गोष्टी घडत होत्या. क्षयरोगावर आपल्याकडे वापरले जाणारे सायक्लोसेरीन हे जुने औषध शिकण्याशी संबंधित असलेल्या एनएमडीए या ग्राहींना चेतवते, हे माहीत होते. २००२ साली उंदरांत आणि २००४ साली उंचीला भिणाऱ्या माणसांत असे दिसले की सरावापूर्वी त्याची एखादी मात्रा दिल्यास विलोपन लवकर साधते. ही गोळी भीतीवर काहीच करत नव्हती. शिकण्याला तेवढे पाणी घालत होती. पुढच्या अनेक चाचण्यांत तिचा गुण बेताचाच ठरला, आणि सराव बिघडला तर भीतीच पक्की होण्याची शक्यताही दिसली. पाणी तणालाही पोचते. दुसरी वाट अधिक धाडसी. २००० साली नेडर, शाफे आणि लदू यांनी दाखवले की जागी केलेली आठवण काही तास मऊ असते आणि ती पुन्हा घट्ट होण्याआधी विशिष्ट औषध अमिग्डलेत सोडले तर भीती नाहीशी होते. २००९ साली ॲम्स्टरडॅमच्या मेरेल किंट यांनी हृदयविकारावरची नेहमीची प्रोप्रॅनोलॉल ही गोळी माणसांना दिली आणि आदल्या दिवशी लावलेली भीती जागी करवली. तिसऱ्या दिवशी कोणत्या चित्राबरोबर विजेचा झटका येतो हे त्यांना सांगता येत होते. शरीर मात्र दचकत नव्हते. सर्वांच्या हाती हा प्रयोग तसाच उतरला नाही. तरी ज्ञान राहावे आणि धसका जावा, ही कल्पना माझ्या मनात घर करून बसली.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी आईला विचारले. तिला समजेल असे सांगितले: अशी गोळी निघू पाहत आहे, की सगळे आठवेल, छाती मात्र धडधडणार नाही. ती तेव्हाही रोज पहाटे चारच्या सुमाराला उठून बसत असे. तिने बराच वेळ विचार केला.

“आठवण ऱ्हाईल म्हणतीस?”

“राहील.”

“मग छाती का धडधडणार न्हाई? माझं लेकरू हाय त्यात.”

मी तिला पटवायचा प्रयत्न केला नाही, कारण तिच्या प्रश्नाचे उत्तर औषधशास्त्रात नव्हते. तरीही एवढ्यावरून अशी गोळी नकोच, असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्यांच्या धसक्यात कोणी प्रियजन नाही, नुसताच आघात आहे, अशा कित्येकांना मी पाहिले आहे. ज्या बाईला अंधाराचा, पावलांच्या आवाजाचा धसका आहे तिला तो जपून ठेव असे कोणी सांगू नये. गोळी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी त्या भीतीत कोण राहते आहे, हे मात्र विचारले पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्रेचे कोष्टक होते, या प्रश्नाला रकाना नव्हता.

आई २०१२ साली गेली. शेवटची काही वर्षे ती घरात, मधल्या खोलीत झोपत असे, नातवंडांच्या गराड्यात, घोरतही असे. चारला जाग येणे थांबले नाही. आणि झोपण्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी तिने शेवटपर्यंत कोणाला लावू दिली नाही. ‘चोर येतील’ असे कोणी म्हणाले तर म्हणे, “येऊ द्या. त्येंला बाहीर जाता येतंय.”